पांघरूण कशासाठी?

मंडळी, देऊळगाव राजाच्या बाजूला गेलात तर शेतात जाळीचे मांडव दिसतील. सगळे त्यांना 'शेडनेट' म्हणतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी असते, पण बाजारासाठी नव्हे, बियाण्यासाठी. शेजारचं जालना म्हणजे बियाणे कंपन्यांचं गाव, म्हणून हा धंदा इकडे रुजला. बाया चिमट्याने एकेका फुलाचे पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. मधमाशी आत शिरली तर मेहनत वाया.

माझ्या पुतण्याने कर्ज काढून असा मांडव घातला. दुकानदाराने ७५ टक्क्यांची जाळी गळ्यात मारली. "काका, सावली जास्त तेवढा गारवा जास्त," असं पुतण्या म्हणाला आणि मलाही पटलं. टक्का म्हणजे जाळी किती ऊन अडवते त्याचं माप, हे आम्ही नंतर शिकलो. पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं आणि मिरची उजेडाच्या शोधात नुसती काडीसारखी उंच गेली. फुलं गळाली. भाजीपाल्याला साधारण ३५ ते ५० टक्क्यांची जाळी पुरते.

नेदरलँड्समधला भाचा तिकडच्या काचघरांचं सांगतो. त्यांची अडचण नेमकी उलटी. तिथे थंडीत आतली ऊब टिकवायला नैसर्गिक वायू जाळतात. आवरण दुहेरी केलं तर इंधन वाचतं, पण उजेड घटतो आणि उजेडाबरोबर उत्पन्नही. २०२२ साली युक्रेन युद्धामुळे वायू महागला, तेव्हा कित्येकांनी काचघरं हिवाळ्यात रिकामी ठेवली.

आपल्याला ऊब नको, वारा हवा. बारीक छिद्रांची जाळी पांढरी माशी अडवते, पण वाराही अडवते. पारा ३५ अंशांच्या वर गेला की टोमॅटोची फळधारणा घटू लागते. प्लास्टिकचा कागद घातला आणि हवा खेळती ठेवली नाही, तर उन्हाळ्यात मांडवाची भट्टीच होते.

म्हणून माझं मत असं, की कर्ज किंवा अनुदान देण्याआधी 'पीक कोणतं, हंगाम कोणता' हे बांधावर येऊन विचारणारं कोणीतरी असावं. जाळी त्यानंतर ठरावी. शाळेत मी मुलांना सांगायचो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. इथे मात्र प्रश्न न वाचताच आम्ही उत्तर विकत आणलं!

असो. यंदा पुतण्याने ५० टक्क्यांची जाळी टाकली आहे. मिरची बरी आहे. हप्ते मात्र दोन्ही जाळ्यांचे चालू आहेत.