फडातले आजारपण

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय काढले, तेव्हापासून मिरज ही दूरदूरच्या रोग्यांची पंढरी झाली. कऱ्हाडातही आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा-सांगलीत औषधोपचारांची वाण आहे असे कुणी म्हणणार नाही. तरीही याच कृष्णाकाठी एक वर्ग असा आहे की, दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही त्याला परका आहे. तो वर्ग म्हणजे ऊसतोड कामगार.

दिवाळीच्या सुमारास बीड व इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल दोघांनी मिळून फेडायची. एकजण आजारी पडला की मजुरी बुडते, वर खाड्याचा दंड. म्हणजे दवाखान्याचा खर्च डॉक्टरच्या फीवर थांबत नाही. अशा व्यवहारात बाईला पाळीचे दुखणेही परवडत नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीडचे आकडे आले. पाहणी झालेल्या सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. शस्त्रक्रिया तिकडे झाल्या असतील. पण त्यामागच्या खाड्याच्या धास्तीचे एक टोक आपल्या फडात आहे.

कुणी म्हणेल, सरकारी दवाखाना सर्वांना खुला आहे. खुला आहे, पण दिवसा. आणि दिवसा ही माणसे फडात असतात. आशाताईंची यादी गावच्या घरांची. कोपीतले मूल त्या यादीत सहजी येत नाही. त्याची एक लस बीडला होते, दुसरी राहून जाते.

उपाय अवघड नाहीत. कारखान्याने आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, कोप्यांजवळ दवाखाना भरवावा. आजारपण व बाळंतपण यांचा खाडा धरू नये. लसीची नोंद मुलाबरोबर फिरावी. आणि आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराने यंदा रस्ता झाडण्याऐवजी परिसरातल्या कोप्यांतील गरोदर स्त्रिया व लहान मुले यांची यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी.

आपल्यापैकी अनेकांची फी उसाच्या बिलातून भरली जाते. तो ऊस कुणी तोडला, हे विचारण्याइतके शिक्षण तरी आपल्याला मिळाले असावे.