क्षयजंतूंची ओळखपरेड

‘आजोबांची मॉन्टू चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे क्षय नाही ना?’ असे घरची मंडळी अनेकदा विचारतात. याचे उत्तर आपल्या शरीरातील टी-पेशींच्या कामात दडलेले आहे.

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात. परंतु मेणचट कवचामुळे तो पुष्कळदा पेशीच्या आतच तग धरतो. असा दडलेला जंतू टी-पेशींना थेट दिसत नाही. भक्षक पेशी त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. प्रत्येक टी-पेशी आपल्याला जुळणारा तुकडाच ओळखते. ओळख पटताच तिची संख्या वाढते आणि ती इंटरफेरॉन-गॅमा सोडून भक्षक पेशीचे बळ वाढवते. मग या पेशी जंतूंभोवती कडे करतात. सर्व जंतू मरतातच असे नाही. काही वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतात.

मॉन्टू चाचणीत जंतूची प्रथिनेच त्वचेत टोचतात. पूर्वओळख असलेल्या टी-पेशी तेथे जमल्या, तर 48 ते 72 तासांत टणक फुगवटा येतो. बीसीजी लशीमुळेही तो येऊ शकतो.

उतारवयात, तसेच मधुमेह, कुपोषण वा स्टेरॉइडमुळे टी-पेशी दुबळ्या होतात. त्याचे परिणाम दोन: जंतूंभोवतीचे कडे सैल पडून जुना संसर्ग उफाळतो आणि चाचणीत फुगवटाही उमटत नाही. म्हणूनच चाचणी निगेटिव्ह आली, तरी क्षय नाही असे ठरत नाही. उलट, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आज रोग आहे, असेही नव्हे. निदानासाठी थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे हवा.

ज्येष्ठांमध्ये ताप व खोकला ठळक नसतीलही. घटते वजन, मंदावलेली भूक, सततचा थकवा यांना ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. खोकला दोन आठवडे टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर डॉक्टरांना दाखवा. शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे मोफत मिळतात. स्टेरॉइड किंवा संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होण्यापूर्वी, स्वतःला वा घरात कोणाला क्षय झाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. टी-पेशींची नजर मंदावली असेल, तेथे घरच्यांची नजर जागी हवी.