जपानच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : वर्ग तोच, पगार निविदेचा

प्रति,
मा. शिक्षणमंत्री, जपान सरकार,
कासुमिगासेकी, टोकियो

मंत्रिमहोदय,

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या नगरपालिकेनं इंग्रजीच्या सहायक शिक्षकांचं कंत्राट पुन्हा निविदेला काढलं. सर्वांत कमी बोली लावणाऱ्या एजन्सीला ते मिळालं आणि माझा पगार २ लाख ३० हजार येनवरून २ लाख २० हजारांवर आला. शाळा तीच, वर्ग तेच, तिसरीच्या हातातलं आपल्याच मंत्रालयाचं ‘लेट्स ट्राय!’ पुस्तकही तेच. बदलले ते फक्त माझ्या पगाराच्या चिठ्ठीवरचा शिक्का आणि आकडा.

मी एजन्सीला विचारलं. त्यांनी सांगितलं, नगरपालिकेनंच पैसे कमी केले. नगरपालिकेच्या शिक्षण मंडळात गेले. तिथे चहा मिळाला आणि उत्तर मिळालं की शिक्षकांचा पगार ही एजन्सीची अंतर्गत बाब आहे. कामगार कार्यालयातल्या गृहस्थांनी गणकयंत्रावर आकडे दाबून पाहिले आणि किमान वेतनाचा भंग झालेला नाही म्हणून माझं अभिनंदन केल्यासारखी मान हलवली. सगळे नम्र, सगळे कमरेत वाकणारे आणि सगळ्यांचे हात वर. म्हणून आता आपल्याला लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण आपल्यापेक्षा हे पत्र आमच्याकडच्या मुलामुलींनी वाचणं मला जास्त निकडीचं वाटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या आणि आमच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत ५ लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा संकल्प सोडला. त्यात ५० हजार कुशल भारतीय जपानमध्ये यायचे आहेत. पुण्यातल्या जपानीच्या वर्गांमध्ये आता बसायला जागा मिळणार नाही. तिथल्या कोणी तरी हिशेब मागितला, तर तो तयार असावा.

हिशेब असा. २००२ साली जपानमधल्या खासगी इंग्रजी क्लासात नवखा परदेशी शिक्षक लागला, तर दरमहा अडीच लाख येन हा रूढ पगार होता. त्या वर्षी देशाचं सरासरी किमान वेतन तासाला ६६३ येन होतं. म्हणजे शिक्षकाचा महिन्याचा पगार किमान वेतनाच्या ३७७ तासांइतका भरत होता. २०२५ साली ते किमान वेतन १,१२१ येन झालं. माझे २ लाख २० हजार त्यानं भागले, तर १९६ तास येतात. जुनं प्रमाण टिकलं असतं तर मला सव्वाचार लाखांच्या आसपास मिळायला हवे होते. सव्वाचार लाख मी मागत नाही, घाबरू नका. पण तेवीस वर्षांत एखाद्या कामाचा आकडा वर जाण्याऐवजी तीस हजारांनी खाली येतो, तेव्हा त्याला बाजारभाव म्हणायचं की धोरण, एवढं तरी आपण ठरवून सांगा.

आणि हे २ लाख २० हजार तरी पूर्ण कुठे मिळतात? ऑगस्टमध्ये शाळा बंद, म्हणून निम्मा पगार. डिसेंबर आणि मार्चमध्ये सुट्ट्या, म्हणून पाऊण. वर्षाचे झाले २४ लाख २० हजार येन. माझा घरमालक ऑगस्टचं भाडं निम्मं घेत नाही. मी विचारून पाहिलं, त्याला तो विनोद वाटला.

आता कंत्राटातल्या तासांकडे पाहा. आठवड्याला साडेएकोणतीस तास. एकोणतीस नाही, तीस नाही, साडेएकोणतीस. तीस तास भरले की पूर्णवेळ माणसाच्या पाऊण कामाची रेघ ओलांडली जाते आणि मालकाला निम्मा आरोग्य विमा व निवृत्तिवेतन भरावं लागतं. त्या अर्ध्या तासाची किंमत अशी. ऑक्टोबर २०२४ पासून कायदा पुढे सरकला हे मान्य. ज्या कंपनीत ५१ किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिला आता वीस तासांच्या माणसाचाही विमा भरावा लागतो. छोट्या एजन्सी सुटल्या आणि माझी सुटलेल्यांपैकीच आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचे (२०२५ च्या दरानं) दरमहा १७,५१० येन मी एकटी भरते. आरोग्य विम्याचा हप्ता आणि नगरपालिकेचा रहिवासी कर त्यावर. तीच नगरपालिका, जी माझा पगार ही आपली बाब मानत नाही. कर मात्र ती आपली बाब मानते.

शाळेत मी सकाळी सव्वाआठला असते आणि सव्वाचारला निघते. साडेएकोणतीस तासांचा आकडा जमवण्यासाठी मधला वेळ कागदावर ‘विश्रांती’ असतो. त्या विश्रांतीत मी तिसरीच्या मुलांबरोबर दुपारचं जेवण वाढून घेते, पाचवीच्या वह्या तपासते आणि सहावीच्या बाईंना उद्याच्या धड्यातले उच्चार म्हणून दाखवते. प्रत्यक्ष हजेरीचे तास धरले तर पूर्ण पगाराच्या महिन्यातसुद्धा मला तासाला साधारण १,२७० येन पडतात. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ मध्ये १,२२६ झालं. फरक ४४ येनचा. बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचे दाखले, पदवी, पोलिसांचा दाखला, व्हिसा, या सगळ्याचं मोल ४४ येन. त्यात वेंडिंग मशीनमधून पाण्याची बाटलीसुद्धा येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात रात्रपाळीला उभं राहिलं तर कायद्यानं पंचवीस टक्के जास्त मिळतात आणि तिथे ‘ॲपल’चा उच्चार शिकवावा लागत नाही.

आता खर्चाकडे पाहा. पाच किलो तांदळाची पिशवी मे २०२५ मध्ये ४,२०० येनच्या वर गेली. वर्षभरापूर्वी ती साधारण निम्म्या भावात मिळत होती. त्याच महिन्यात तेव्हाचे कृषिमंत्री म्हणाले की त्यांनी तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थकच आणून देतात. त्यांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या पेशाला समर्थक नाहीत, त्यामुळे तांदूळ विकतच घ्यावा लागतो.

आता आपल्याला अडचणीत आणणारा आकडा. जेट योजनेतून सरकार स्वतः परदेशी सहायक शिक्षक आणतं. १९८७ पासून ही योजना चालू आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. तिथेही २०१२ पर्यंत कर वजा जाता वर्षाला ३६ लाख येन हाती पडत. मग नवख्यांसाठी ते ३३ लाख ६० हजार झाले आणि कर त्यातूनच. पण एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार केला गेला. चांगलं झालं. मात्र यावरून एक गोष्ट सिद्ध होते, मंत्रिमहोदय. जपानमध्ये परदेशी सहायक शिक्षकाला नीट जगायला किती लागतं, हे सरकारला ठाऊक आहे. आकड्यासकट ठाऊक आहे. ज्या एप्रिलमध्ये जेटचा पगार वाढला, त्याच एप्रिलमध्ये माझा उतरला. शेजारच्या गावात जेटमधून आलेली मुलगी तेच पुस्तक, तीच गाणी, तोच ‘रॉक, पेपर, सिझर्स’ घेऊन वर्गात जाते आणि तिच्या-माझ्यात वर्षाला १६ लाख येनचं अंतर आहे. तिला जास्त मिळतात हा माझा राग नाही. तिच्यासाठी शासनाकडून नगरपालिकेला अनुदानातून पैसे येतात, माझ्यासाठी निविदा निघते. दोघींना आपण एकाच नावानं ओळखता. ‘शाळांमध्ये सुमारे वीस हजार सहायक इंग्रजी शिक्षक’ या एकाच आकड्यात आम्ही दोघी येतो. जेट कोण आणि एजन्सीचे कोण, हा भेद पगाराच्या वेळी आठवतो.

निविदेची गंमत आपल्याला कोणी सांगितली आहे का? अनेक ठिकाणी आमची नेमणूक सेवा-कंत्राटाखाली होते. या कंत्राटात वर्गशिक्षिका मला थेट सूचना देऊ शकत नाही, कारण मग तो कामगार कायद्याचा भंग होतो. म्हणजे माझं पद ‘सहायक’ आणि ज्यांना साहाय्य करायचं त्यांनी मला काही सांगायचं नाही. ‘आज रंगांऐवजी आकडे घेऊ या का?’ हे शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी नियमाप्रमाणे एजन्सीला कळवायचं आणि एजन्सीनं मला. अर्थात बाई तसं करत नाहीत. त्या हळूच कानात सांगतात, आम्ही दोघी मिळून कायदा मोडतो आणि तिसरीची मुलं आकडे शिकतात. हे सगळं का? नगरपालिकेला नोकर नको, सेवा हवी. रस्ते झाडण्याची निविदा, कचरा उचलण्याची निविदा, इंग्रजीची निविदा. (सफाई कामगारांचा अवमान करायचा नाही. त्यांचं कंत्राट बहुधा माझ्यापेक्षा बरं असेल.)

आणि काम मात्र आपण वाढवत नेलंत. २०११ मध्ये पाचवी-सहावीला इंग्रजीचे उपक्रम आले. एप्रिल २०२० पासून ते तिसरी-चौथीला आले, वर्षाला ३५ तासिका. पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुणांचा विषय झाला, वर्षाला ७० तासिका. प्राथमिकच्या वर्गशिक्षकांपैकी कितीतरी जण स्वतः इंग्रजी बोलायला बिचकतात. त्यांचा दोष नाही, त्यांनी त्यासाठी नोकरी धरली नव्हती. मग तासिका कोण चालवतं? नियमाप्रमाणे मी एकटीनं वर्ग घ्यायचा नाही. प्रत्यक्षात खडू माझ्या हातात असतो आणि वर्गशिक्षक मागे बसून गणिताचे पेपर तपासतात. त्यांच्याही कामाला अंत नाही. त्यांचा १९७१ च्या कायद्यातला चार टक्क्यांचा भत्ता टप्प्याटप्प्यानं दहा टक्क्यांवर न्यायचा कायदा आपण २०२५ मध्ये केलात. अर्ध्या शतकानं का होईना, केलात. त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांचा धडा घेणारी बाई मात्र त्या कायद्यात दिसत नाही, कारण ती शाळेची कर्मचारी नाही, सेवा आहे.

मग दरवर्षी जपानच्या इंग्रजीबद्दल उसासे टाकले जातात. एका खासगी संस्थेच्या जागतिक यादीत २०११ साली जपान ४४ देशांत चौदावा होता, २०२४ साली ११६ देशांत ब्याण्णवावा. अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही, परीक्षा देणारे स्वतःहून येतात आणि देशांची संख्याही वाढली. पण टीव्हीवरच्या चर्चेत ती यादी दाखवली जाते, तेव्हा दोष मुलांच्या लाजाळूपणावर जातो. दर मार्चला शिक्षक बदलतो, कारण त्याला दुसऱ्या वर्षी कमी पैसे सांगितले जातात, हे कोणी म्हणत नाही.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही इंग्रजी क्लासांची सर्वांत मोठी साखळी कोसळली, तेव्हा सुमारे चार हजार परदेशी शिक्षकांचे पगार बुडाले. काहींनी जेवणाच्या बदल्यात शिकवण्या घेतल्या. तो खासगी धंदा होता, असं म्हणून सरकारला बाजूला होता आलं. आमचं तसं नाही. आमचा वर्ग सरकारी शाळेत भरतो, आपल्या अभ्यासक्रमावर.

घरी हे सगळं सांगणं कठीण असतं. नाशिकला आईला वाटतं, मुलगी जपानमध्ये सव्वा लाख रुपये महिना कमावते. पूर्ण पगाराच्या महिन्यात रुपयात ते खरंही आहे, म्हणून मी खोडत नाही. पण २०१२ च्या मध्यावर एका येनचे सत्तर पैसे होत, २०२५ च्या अखेरीस साठही होत नव्हते. जपानमध्ये तांदळासाठी मोजायचं आणि घरी पाठवताना पुन्हा विनिमयाच्या दरात मार खायचा, असा दुष्काळात तेरावा महिना. नातेवाईक योगेंद्र पुराणिकांचं उदाहरण देतात. ते टोकियोतल्या एदोगावाचे नगरसेवक झाले, पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, मराठी माणसानं नाव काढलं. काढलंच. पण वीस हजारांना मुख्याध्यापक होता येत नाही. काहींना नुसतं शिक्षक म्हणून टिकायचं असतं.

मागणं फार नाही. ज्या निविदेतून शिक्षक घेतला जातो, तिच्यात त्याच्या हाती पडणाऱ्या पगाराचा तळ लिहिलेला असावा आणि तो जेटच्या पगाराशी बांधलेला असावा. नगरपालिका एका शिक्षकामागे एजन्सीला किती देते आणि त्यातले किती शिक्षकापर्यंत पोचतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत. आजवर हे दोन्ही एका कागदावर मला कोणी दाखवलेले नाहीत. पगार बारा महिन्यांचा असावा. शाळेत आठ तास थांबवायचं असेल तर कंत्राटातही आठ लिहावेत आणि विमा भरावा. यातल्या कशालाही नवा अभ्यासक्रम, समिती किंवा टॅब्लेट लागत नाही. आपल्या खात्याचं एक परिपत्रक निघालं तरी पुष्कळ नगरपालिकांना कारण मिळेल, कारण त्यांच्यातही लाज वाटणारी माणसं आहेत. चहा देणाऱ्या त्या अधिकाऱ्याला वाटत होती, मी पाहिली.

पुढची निविदा हिवाळा संपता संपता निघेल. त्याआधी उत्तर द्यावं. उत्तर शाळेच्या पत्त्यावर मात्र पाठवू नका. एप्रिलनंतर मी त्या शाळेत असेन की नाही, हे एजन्सी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगते.

आपली,
एक सहायक इंग्रजी शिक्षिका
टोकियो