वाडा पेशव्यांचा, पण सुताराचं नाव कुठाय?

शनिवारवाड्याच्या वैभवाची पोस्ट दर चार दिवसांनी फिरते. सोबत बहुतेक वेळा दरबाराचं एक चित्र असतं. फॉरवर्ड करण्याआधी ते एकदा नीट बघा.

१७९० साली टिपूविरुद्ध इंग्रजांशी झालेल्या तहाचा तो प्रसंग. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि वकील मॅलेट. जेम्स वेल्सने पुण्यात राहून त्याची तयारी केली. १७९५ मध्ये तो वारला आणि थॉमस डॅनियलने विलायतेत १८०५ मध्ये चित्र पुरं केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

चित्रात सत्ता कोणाची, ते लगेच कळतं. पण ती माणसं ज्या कोरीव खांबांमध्ये, कमानींखाली बसलीत, ते खांब घडवले कोणी? १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं. उरलं जोतं, तट आणि दरवाजे. त्यामुळे आतली कारागिरी समजून घ्यायला आज अशी चित्रंच हाताशी आहेत. आणि त्यांत कारागिरी ही फक्त मागची सजावट!

चित्रकारांतही उतरंड होतीच. पुण्याचे गंगाराम तांबट मॅलेटसाठी चित्रं काढत. वेरूळची लेणी त्यांनी कागदावर उतरवली. त्यांची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलीत. वेल्स-डॅनियल आपल्याला ठाऊक, गंगाराम किती जणांना माहीत?

कोणी म्हणेल, पैसा पेशव्यांचा, मग नाव त्यांचंच लागणार. अहो, तो पैसा तरी कुठून आला? रयतेच्या साऱ्यातूनच ना? आणि पटाशी काय पेशव्यांनी चालवली?

हे फक्त पुण्याचं रडगाणं नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतले वाडे रोज पडतायत. नक्षीचे खांब, तुळया भंगार-फर्निचरवाल्याकडे जातात, जागेवर कॉम्प्लेक्स उभं राहतं. हळहळण्यापलीकडे आपण काही करत नाही.

माझी मागणी साधी आहे. वाडा पाडायची परवानगी देण्याआधी नगरपालिकेने त्याची मापं घेऊन नकाशे काढावेत. खांब, कमान, जिना, सगळं कागदावर यावं. जवळच्या पॉलिटेक्निकची पोरं हे काम करतील. घराण्याकडे बांधकामाचे जुने हिशेब असतील तर ते वाचून घ्यावेत, आणि त्यात गवंडी-सुतारांची नावं सापडली तर ती नकाशावर मालकाच्या नावाशेजारी लिहावीत. खाली नव्हे, शेजारी.

तुमच्या गावात असा वाडा उभा असेल तर पुढच्या सभेआधी नगरसेवकाला गाठा. जेसीबी आल्यावर फोटो काढून काही उपयोग नाही.