उन्हाळ्याचे बिल आणि छपराचे राजकारण

फाल्गुन सरला की उपदेशाचा मोसम सुरू होतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, दूरचित्रवाणीवरून आणि सरकारी जाहिरातींतून गृहिणीला सांगितले जाते की, पंखा विनाकारण चालू ठेवू नका, फ्रीजचे दार वारंवार उघडू नका, खिडक्यांना पडदे लावा, वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवा. यांपैकी एकही सूचना चुकीची नाही. चूक आहे ती या सूचनांमागची समजूत. उन्हाळ्यात वाढणारे वीजबिल हा ग्राहकाच्या सवयींचा दोष आहे आणि त्याने शिस्त बाळगली की प्रश्न मिटला, अशी ती समजूत आहे. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्याच्यापुरती ती खरीही असेल. परंतु सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारीतील कामगार, विट्याच्या यंत्रमागावर पाळी करून आलेला विणकर, कराड-साताऱ्यातील भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब किंवा माण-खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतमजूर यांनी कोणती उधळपट्टी कमी करावी? त्यांच्या घरात दोन दिवे, एक-दोन पंखे आणि जमल्यास हप्त्यावर घेतलेला एक फ्रीज असतो. त्यांचा पंखा विनाकारण चालत नाही. तो चालतो, कारण डोक्यावर पत्रा आहे.

प्रश्नाचे मूळ येथे आहे. पत्रा दुपारी तापतो आणि ती उष्णता थेट खोलीत उतरवतो. छताचा पंखा हवा थंड करीत नाही, असलेली हवा तो केवळ फिरवतो. पत्र्याखाली साठलेली गरम हवाच तो झोपलेल्या मुलांच्या अंगावर आणून सोडतो. पत्र्याऐवजी सिमेंटचा स्लॅब असला तरी सुटका नाही. स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री ते हळूहळू खोलीत सोडतो, म्हणून पहाटेपर्यंत पंखा बंद करता येत नाही. वीज पंखा खात असला तरी बिल खऱ्या अर्थाने छपराचे असते.

या भागातील जुन्या घरबांधणीला हे ठाऊक होते. पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेली माळवदी घरे होती, पश्चिमेकडील पावसाच्या पट्ट्यात कौलारू घरे होती. दोन्ही प्रकार उन्हाला आत येण्यास उशीर लावीत. त्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. माळवद गळत असे, त्याला दरवर्षी माती घालावी लागे आणि त्या कष्टांचा मोठा वाटा स्त्रियांच्या डोक्यावर असे. लोक त्या घरांतून बाहेर पडले ते योग्यच झाले. परंतु बाहेर पडून ते ज्या घरात आले ते घर कोणी आखले? पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी २०१६ पासून सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे असे नियम सांगतो. ते घर मे महिन्यात राहण्याजोगे असावे, याची काळजी मात्र ना अनुदानाच्या रकमेत दिसते ना तपासणीत. सिमेंट, वाळू, मजुरी यांत रक्कम संपते आणि छपराच्या वेळी पत्राच परवडतो. सरकारच्या पैशाने तापणारे घर बांधायचे आणि नंतर त्याच घरातील माणसाला पंखा बंद करण्याचा उपदेश करायचा, असा हा व्यवहार आहे.

आता बिलाचे गणित पाहावे. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. उन्हाळ्यात तो दिवसाला १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांच्या सवलतीच्या दरासाठी राज्यात महिन्याला सरासरी ३० युनिट, म्हणजे वर्षाला ३६० युनिट अशी मर्यादा राहत आली आहे. एका पंख्यानेच महिन्याची सरासरी ओलांडली जाते. मग दिवा कशावर लावायचा आणि मोबाइल कशावर चार्ज करायचा? सर्वसाधारण घरगुती ग्राहकासाठी पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. त्यापुढील युनिटांचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट पडतो. वाढीव दर संपूर्ण वापराला लागतो असा एक गैरसमज आहे. तो शंभराच्या पुढील युनिटांनाच लागतो. तरीही दोन पंखे ७२ युनिट आणि फ्रीज ३० युनिट धरला की चैत्र-वैशाखात साधे घर शंभरी ओलांडते. हिवाळ्यात ६०-७० युनिट वापरणारे कुटुंब उन्हाळ्यात श्रीमंत होत नाही, तरी दराचे कोष्टक त्याला वरच्या पायरीवर बसवते. त्यावर १६ टक्के वीज शुल्क आकारले जाते आणि वाढीव सुरक्षा ठेवीची मागणीही बहुधा याच दिवसांत दाराशी येते.

भाडेकरूची स्थिती याहून वाईट आहे. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असतील आणि प्रत्येकाचा वापर ८० युनिट असेल, तर मीटरवर २४० युनिट पडतात. त्यांतील १०० स्वस्त दराने आणि १४० महाग दराने आकारले जातात. तिघांचे मीटर स्वतंत्र असते तर सर्वच्या सर्व २४० युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते. शिवाय घरमालक युनिटमागे स्वतःचा ठरावीक दर लावतो आणि पावती देत नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ ने वीजपुरवठा मागण्याचा हक्क जागेच्या मालकाप्रमाणे तेथे राहणाऱ्यालाही दिलेला आहे. पण खोली जाईल या धास्तीने भाडेकरू अर्ज करीत नाही. कायदा पुस्तकात राहतो आणि मालकाचा दर भिंतीवर.

या अन्यायावर डाव्या चळवळीतील अनेकांचे उत्तर तयार आहे: वीज फुकट द्या. सांगली जिल्ह्यात ही मागणी अधिक जोराने होते, कारण जत-मिरजेच्या शिवेपलीकडे, अथणी-कागवाडच्या बाजूला, कर्नाटकची गृहज्योती योजना २०२३ पासून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. महिन्याला २०० युनिटांच्या मर्यादेत तेथे शून्य रकमेचे बिल येते आणि त्यात भाडेकरूंनाही स्थान दिले आहे. हे दुसरे कलम महाराष्ट्राने विनासंकोच उचलावे. परंतु त्या योजनेचा पाया नीट पाहिला पाहिजे. कोणाला किती युनिट फुकट मिळणार हे त्याच्या आधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरते. म्हणजे ज्याने गरिबीमुळे कमी वीज वापरली त्याचा फुकटाचा वाटाही कमी, आणि ज्याने अधिक वापरली त्याचा अधिक. समतेच्या नावाने दिलेली सवलत जुनी विषमता अशा रीतीने मोजून कायम ठेवते. दुसरे असे की, फुकट विजेने पत्रा थंड होत नाही. वीज फुकट मिळूनही ज्याची झोप पुरी होत नाही, त्याला अर्धाच न्याय मिळालेला असतो. समाजवाद्यांनी मागायची ती केवळ स्वस्त युनिटे नव्हेत. श्रमिकाच्या अंगाला आणि झोपेला मिळणारा गारवा मागायचा आहे.

सरकारचे उत्तर सूर्यघर योजनेचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या केंद्रीय योजनेत छतावरील सौर संचासाठी तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे, आणि राज्याने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी जादा मदत जाहीर केली. योजना चांगली आहे. पण तिची पहिली अट छपराची आहे. छप्पर स्वतःचे हवे, भक्कम हवे आणि त्याची कागदपत्रे हवीत. भाड्याच्या खोलीला छप्पर असते, पण ते भाडेकरूचे नसते. बंगलेवाल्याचे बिल शून्यावर येते आणि खोलीवाला शंभरीपलीकडचा दर भरत राहतो. 

तरीही याच योजनेने सातारा जिल्ह्यात एक वेगळा धडा घालून दिला आहे. पाटण तालुक्यातील मान्याची वाडी हे छोटे गाव ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे एकेका सुखवस्तू घराने स्वतःपुरता संच बसवला नाही. घरे, शाळा आणि ग्रामपंचायत मिळून सारे गाव पुढे आले. जे काम एकट्या घराला पेलत नाही ते गाव म्हणून पेलते, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि तेवढे पुरेसे आहे.

विद्युतदिव्यांच्या बाबतीत हाच अनुभव देशभर आला. केंद्राच्या उजाला योजनेत एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी झाली, तेव्हा खरेदीचा दर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. दिवा तोच होता, फक्त गिऱ्हाईक एकटे राहिले नव्हते. आज सुमारे ३० वॅटवर चालणारे पंखे बाजारात आहेत. असे दोन पंखे १६ तास चालले तरी महिन्याला २९ युनिट होतात. जुन्या दोन पंख्यांच्या तुलनेत ४३ युनिट वाचतात आणि घर शंभरीच्या आत राहते. पण हा पंखा हजार-दीड हजाराने महाग असतो. ज्याच्यापाशी एकरकमी पैसे नाहीत तो स्वस्त पंखा घेतो आणि फरकाची रक्कम दर उन्हाळ्यात बिलातून फेडत राहतो. गरिबी महाग पडते ती अशी.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. मार्च ते जून या चार महिन्यांसाठी पहिला टप्पा १०० ऐवजी १५० युनिटांचा करावा आणि त्यातील वापरावरील वीज शुल्क माफ करावे. दारिद्र्यरेषेखालील मर्यादा ठरवताना निदान एका पंख्याचा वापर धरावा. भाडेकरूला मालकाच्या मर्जीवाचून स्वतंत्र मीटर द्यावा. कमी विजेचे पंखे एकगठ्ठा खरेदी करून त्यांचे हप्ते बिलातून वसूल करावेत. घरकुलाच्या अनुदानात छपराखालच्या उष्णतारोधक थराची रक्कम स्वतंत्र धरावी आणि जुन्या पत्र्यांना व स्लॅबना दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा थर देण्याचे काम पालिका व ग्रामपंचायतींनी अंगावर घ्यावे. पांढरे छप्पर ऊन परतवते. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच केले. महाराष्ट्राला ते अशक्य नाही.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. उन्हाळ्यात ५०० युनिटांच्या पुढे वापर करणाऱ्यांच्या दरातून काही भाग यावा, शुल्काचा तोटा राज्याने सोसावा. आणि एक गोष्ट हिशेबनिसांनी विसरू नये. श्रमिकाचा पंखा रात्री चालतो, जेव्हा सौर वीज नसते आणि बाजारातील वीज महाग असते. तो पंखा निम्म्याहून कमी विजेवर चालला तर वाचलेली महागडी खरेदी महावितरणचीच असते.

या मागण्या करण्याचा या दोन जिल्ह्यांना विशेष अधिकार आहे. कोयनेचे ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवून वीज तयार करण्याची तरतूद कृष्णा लवादाने मान्य केली. १९६० मीटर नव्हे, १९६० मेगावॅट क्षमतेचा तो प्रकल्प सातारच्या डोंगरात उभा आहे आणि त्यासाठी उठलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दोन पिढ्या रेंगाळले. वनकुसवड्याच्या पठारावर आणि ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. पाणी दिले, वारा दिला, जमीन दिली. त्या बदल्यात मे महिन्याच्या रात्रीची झोप मागणे ही भीक नव्हे.

परंतु निवेदने देऊन हे होणार नाही. खानापूर तालुक्यातील बलवडीजवळ येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले ते लोकांनी आधी हिशेब मांडला आणि मग लढा दिला म्हणून. कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात आपापल्या वस्तीत तेच करावे. घरोघरची फेब्रुवारीची आणि मेची बिले शेजारी ठेवावीत, छप्पर कशाचे आहे ते लिहावे, एका मीटरवर किती बिऱ्हाडे आहेत ते मोजावे. कलम ४३ खालील अर्ज भाडेकरूंनी एकेकट्याने न करता चाळीने मिळून करावेत. वीज नियामक आयोगापुढील सुनावणीत कंपन्यांचे वकील आकडे घेऊन येतात. वस्त्यांनीही आकडे घेऊनच गेले पाहिजे. आणि तोवर, निकालाची वाट न पाहता, दहा घरांनी मिळून चुन्याच्या गोण्या आणाव्यात आणि पहिले छप्पर एखाद्या एकट्या म्हातारीचे रंगवावे.