माशीच्या डोळ्यांनी शहर

उपग्रहाच्या चित्रात शहराची हिरवाई सगळीकडे सारखीच दिसते. मधमाशीच्या लेखी मात्र कातरून सपाट केलेली हिरवळ म्हणजे उपासमार आणि कुंपणाकडेचं तण म्हणजे भरलेलं ताट. परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी शहराचा नकाशा काढायचा, तर कोणत्या महिन्यात कुठे काय फुलतं आणि घरटं करायला जागा कुठे उरली आहे, हे त्यावर उतरलंच पाहिजे. ब्रिस्टल, रेडिंग, लीड्स आणि एडिनबरा या ब्रिटिश शहरांत संशोधकांनी प्रत्यक्ष जागेवर फुलं आणि कीटक मोजले. 2019 साली निष्कर्ष आला तेव्हा उजवे ठरले घरांभोवतीचे बगीचे आणि नागरिकांना भाड्याने दिलेले भाजीचे तुकडे. हे तुकडे शहराच्या 1 टक्काही नाहीत. अख्खं शहर असं मोजणं परवडेल का? तशी गरजच नाही. निवडक जागा मोजून ते आकडे जमीनवापराच्या नकाशावर पसरवता येतात. गच्चीवर मधपेट्या ठेवल्या की झालं, हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत, बहुतेक एकएकट्या राहणाऱ्या, बहुसंख्य जमिनीत बीळ करणाऱ्या. पेट्या वाढल्या की या रानटी माश्यांच्या तोंडचा घास वाटला जातो. आपल्याकडे पुण्याच्या वृक्षगणनेत झाडांच्या जाती नोंदलेल्या आहेत. त्यावर पांगारा, करंज, शेवग्याचा बहरकाळ चढवता येईल. पेव्हर ब्लॉकखाली गाडलेली माती मात्र वेगळीच मोजावी लागेल.