दुखणं थांबलं, पण पाय बरा झाला का?

पहाटे पाचला जाम चौरस्त्यावर या. ट्रकच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पोरं धावताना दिसतील. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, डोक्यात पोलीस भरती. ग्राउंड ५० मार्कांचं. मुलांसाठी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. एकेका मार्कावर निकाल फिरतो, म्हणून एक दिवसही सुट्टी नको वाटते.

अशात पोटरीत कळ आली की ठरलेला डायलॉग ऐकू येतो, ‘काही नाही होत बे, मेडिकलवरून गोळी आण अन् चाल!’

गंमत म्हणजे गोळी काम करते. तासाभरात दुखणं गायब. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हेच केलं. दुसऱ्याला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या घेऊन तो चार दिवस धावला. पाचव्या दिवशी स्टार्ट घेतानाच मांडी धरून खाली बसला. त्या वेळची भरती तिथेच संपली.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या गोळ्या दुखणं आणि सूज कमी करतात. ताणलेला स्नायू मात्र आपल्याच वेळेत जुळतो. हलक्या दुखापतीला काही दिवस ते दोन-तीन आठवडे, मोठ्या दुखापतीला महिने लागतात. चोर आलाय म्हणून कुत्रं भुंकतंय आणि आपण कुत्र्याचंच तोंड बांधतोय, असा हा प्रकार.

पट्टीवरची लाल रेघ पाहिली आहे? ती म्हणजे ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’. रिकाम्या पोटी घेतलेल्या या गोळ्या पोटाला त्रास देतात. घाम गाळून, पाणी न पिता घेतल्या तर किडनीवर ताण येतो. सोबत टिझानिडीन किंवा क्लोरझोक्साझोन असेल तर झापड येते, आणि आपण त्याच गोळीवर बाइक काढून हायवेने हिंगणघाटला क्लासला निघतो!

औषध कोणाच्या पोटात जातं, यावर बरंच ठरतं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि किडनी निकामी होऊन ती मेली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपण गिधाडं नाही, मान्य. पण मित्राची चिठ्ठी आपली होत नाही, एवढं तरी यातून कळावं.

पोरांना नुसतं रागावून उपयोग नाही. डॉक्टरांची फी, एक्स-रेचा खर्च डोळ्यांपुढे असतो, म्हणून मेडिकल जवळचं वाटतं. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. समुद्रपूर, हिंगणघाट लांब नाही. कळ आली की त्या दिवशी धावणं बंद. कापडात बर्फ गुंडाळून शेका, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा, लगेच मालिश नको. ‘टक्’ आवाज आला, काळंनिळं झालं किंवा पाय टेकवेना, तर थेट डॉक्टर. ते गोळी देतीलही, पण तुमचा पाय पाहून आणि किती दिवस ते सांगून.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनाही एक विनंती. पोरगा लंगडत आला तर ‘टाइम किती लागला?’ नंतर विचारा. आधी ‘कळ कुठे आली?’ विचारा. आणि सरांनी नाही विचारलं, तर शेजारी धावणाऱ्या मित्राने विचारावं.